डावीकडे सोनं, उजवीकडे मोरपंखी

तिचं खरं नाव सांगून काही उपयोग नाही. ते फक्त टपालावर येतं. बाकी सगळं जग तिला नाकू म्हणतं: कारखान्याचे मास्तर, भट्टीवाले काका, शेजारीपाजारी, खुद्द नवरासुद्धा. नाक काही फार मोठं नाही हं, उलट जरा बसकंच आहे. पण त्या नाकानं एकेकाळी मोठे पराक्रम केले, म्हणून हे नाव पडलं. आता ज्या गोष्टीवरून नाव पडलं तीच गोष्ट एक दिवस गुपचूप निघून गेली, तर बाईनं करायचं काय?

पण असं मधूनच सांगितलं तर कुणाला कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

लग्न होऊन आली तेव्हा नाकू बावीस वर्षांची होती. सासरे काच फुंकणारे. लांब नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा घ्यायचा, नळी गोल गोल फिरवत फुंकायचं, आणि बघता बघता त्याची फुलदाणी व्हायची. घरामागच्या गल्लीतच कारखाना. शोभेच्या काचेचा. इथली वस्तू पाणी प्यायला कुणी नेत नाही; काचेच्या कपाटात ठेवतात, पाहुणे आले की दिवा लावून दाखवतात आणि मुलांना लांब उभं करतात.

एकदा सासऱ्यांचा डबा द्यायला ती पहिल्यांदा कारखान्यात गेली. रंगकामाच्या खोलीच्या दारात थांबली आणि म्हणाली, "इथे कुणाचा दात दुखतोय का?"

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "का गं?"

"लवंगेचं तेल येतंय वासाला."

"बरं. आणखी काय येतंय?"

तिला वाटलं, हे खरंच विचारतायत. तिनं डोळे मिटून सगळी यादीच सांगितली. कसल्या तरी निळ्या फुलांचं अत्तर, स्पिरिट, मेण, आणि त्या कोपऱ्यातल्या काकांचा स्वेटर नीट वाळलेला नाही. खोलीत हशा पिकला. स्वेटरवाले काका खजील झाले. मास्तर मात्र हसले नाहीत. ते सासऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, "सुनेला उद्यापासून पाठव. असं नाक घरात बसवून ठेवणं म्हणजे पाप आहे."

आता चित्र काढणाऱ्या माणसाला नाक कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण आहे. काचेवर सोनं चढवायचं ते सोन्यासारखं दिसत नाही. बाटलीत असतं ते काळपट, घट्ट, मधासारखं. कुंचल्यानं लावलं तरी तपकिरीच दिसतं. भट्टीत साडेपाचशे अंशांवर भाजलं की तेल जळून जातं आणि मग झळाळतं. आणि मोरपंखी म्हणून दुसरा एक रंग असतो, भाजल्यावर मोराच्या मानेसारखा हिरवा-निळा-जांभळा चमकणारा. तोही बाटलीत कसा? तस्साच. काळपट, घट्ट, मधासारखा. दोन्ही शेजारी ठेवले तर ब्रह्मदेवाच्या बापाला ओळखू यायचे नाहीत.

"मग चिठ्ठ्या लावा की!" तेही करून झालं होतं. फार पूर्वी चिठ्ठ्या झाकणांवर होत्या. कुणीतरी घाईत झाकणं उलटसुलट लावली आणि बत्तीस पेल्यांच्या सोनेरी कडा भट्टीतून निळ्याहिरव्या होऊन बाहेर आल्या. त्या दिवशी मास्तरांनी सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि सोन्यात लव्हेंडरचं तेल, मोरपंखीत लवंगेचं तेल घालायला सुरुवात केली. तेव्हापासूनचा नियम: कुंचला बुडवण्याआधी वास घ्यायचा. "चिठ्ठी खोटं बोलते, नाक खोटं बोलत नाही," हे त्यांचं वाक्य. खोलीतल्या प्रत्येकाला ते झोपेतसुद्धा पाठ होतं.

नाकू तीन वर्षं मेण लावायला बसली. ॲसिडनं काच खायची तिथे उघडी ठेवायची, नाही खायची तिथे मेणानं झाकायची, असं ते काम. पुढे चार वर्षं नुसत्या रेघा. केसाएवढ्या बारीक रेघा, श्वास रोखून ओढायच्या. आणि मग एक दिवस मास्तरांनी तिला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. सोन्याचा बाक. तिथे बसायला लोक आयुष्य घालवतात. ती बसली तेव्हा सासऱ्यांनी नळी खाली ठेवून लांबूनच पाहिलं आणि घामाच्या नावाखाली डोळे पुसले.

ही झाली चांगली गोष्ट. आता वाईट.

दोन वर्षांपूर्वी नाकूला ताप आला. साधाच. चार दिवस अंथरुणात काढले, पाचव्या दिवशी उठून चहा केला, तर चहा नुसता गरम लागला. साबण नुसता ओला. तिनं स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा उघडून नाकाशी नेला. काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कुणाचा येतो, कुणाचा नाही येत. तिचा नाही आला.

तिनं कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगणं शक्यच नव्हतं; माणूस देव, पण तोंडात तीळ भिजत नाही. शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहे, पहिल्या थांब्याला सांगितलेलं शेवटच्या थांब्यापर्यंत पोचतं. आणि मास्तरांना सांगणं म्हणजे बाक सोडणं. ते स्वेटरवाले काका आठवतात ना? ते तपकीर ओढायचे. ओढून ओढून नाक बधिर झालं, तसं मास्तरांनी त्यांना सोन्यावरून उठवून खोकी भरायला बसवलं होतं. रागानं नाही, अगदी प्रेमानं. खांद्यावर हात ठेवून. काका निवृत्त होईपर्यंत पेंढा आणि कागद करत बसले. नाकू रोज त्यांच्या बाजूनं जायची आणि मान खाली घालायची.

म्हणून तिनं युक्ती काढली. सोनं डावीकडे, मोरपंखी उजवीकडे. बस्स. संध्याकाळी तशाच ठेवायच्या, सकाळी तशाच घ्यायच्या. कुणी बघत असलं की बाटली नाकाशी नेऊन डोळे मिटायचे आणि "हं" म्हणायचं. असं करत दोन वर्षं निघाली. एक काम बिघडलं नाही. मनातून ती स्वतःवर खूशच होती, खोटं कशाला बोला! दुःख होतं, भीती होती, पण आपण मास्तरांच्या नाकावर टिच्चून काम करतोय याच्या थोड्या गुदगुल्याही होत्या.

एकच अडचण होती, ती म्हणजे वन्सं.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. कारखान्यात धुलाई त्यांच्याकडे. रंगाला जाण्याआधी प्रत्येक काच स्पिरिटनं धुऊन, पुसून, प्रकाशात धरून द्यायची. बोटाचा एक ठसा राहिला तर सोनं तिथे धरत नाही. वन्सं सगळ्यांच्या आधी अर्धा तास यायच्या, सगळे बाक पुसायच्या, आणि सगळ्यांना बोलायच्या. नणंद-भावजयीत विळ्या-भोपळ्याचं सख्य. तीस वर्षं एका छपराखाली आणि एका खोलीत काम, तरी दोघींचं सरळ बोलणं म्हणजे भांडण आणि न बोलणं म्हणजे मोठं भांडण.

"वन्सं, माझ्या बाकाला हात लावत जाऊ नका."

"मग काय धुळीवर सोनं चढवणारेस?"

"मी पुसेन माझं मी."

"पुसलंस! घरचा ओटा बघते मी रोज."

हे संवाद दोन वर्षं आठवड्यातून तीनदा तरी व्हायचे. वन्सं पुसायच्या थांबल्या नाहीत.

आता मुख्य गोष्ट. एक बाई काचेचा संग्रह करतात. घरात म्हणे बसायला खुर्ची नाही पण फुलदाण्या चारशे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी इथून एक फुलदाणी नेली होती: धुरकट हिरवी काच, त्यावर सोन्याचे बोरू, पाणवठ्याला उगवतात तसे, आणि बोरूंवर बसलेले मोरपंखी पंखांचे चतुर. नाकूनंच रंगवलेली. काच सासऱ्यांनी फुंकलेली. त्यांनी त्या दिवशी लागोपाठ दोन काढल्या होत्या, जुळ्या. एक गेली, दुसरी कोरी राहिली. पुढे सासरे गेले. कोरी फुलदाणी वन्संनी घरी नेली आणि आपल्या कपाटात जुन्या मऊ पातळात गुंडाळून ठेवली. सासऱ्यांच्या हातची घरात राहिलेली शेवटची वस्तू. बाकी सगळ्या विकायसाठीच होत्या ना.

संग्रहवाल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "जोडी असती तर!" वन्संनी हातातलं फडकं पिळलं, घरी गेल्या आणि पातळाचं गाठोडं आणून नाकूच्या बाकावर ठेवलं. म्हणाल्या, "बाबांची जोडी व्हायची राहिली होती. नीट कर." एवढंच. वन्संच्या तोंडून टोमण्याशिवाय निघालेलं ते वर्षातलं पहिलं वाक्य असावं.

चार दिवस रेघा ओढण्यात गेले. पाचव्या दिवशी सकाळी सोनं आणि मोरपंखी. नाकूनं डावीकडच्या बाटलीतून बोरू भरले, उजवीकडच्या बाटलीतून पंख. हात असा चालला की तिला स्वतःलाच नवल वाटलं. अकराला काम संपलं, वाळलं, बाराला भट्टीवाल्या काकांनी फुलदाणी आत ठेवली आणि दार लावलं. नाकू समाधानानं डबा उघडून बसली.

साडेबाराला मास्तर आले. त्यांना एका पेल्याची कड दुरुस्त करायची होती. त्यांनी नाकूच्या बाकावरची डावी बाटली उचलली, झाकण काढलं, वास घेतला, परत ठेवली. उजवी घेतली.

"नाकू, सोनं उजवीकडे ठेवायला कधी लागलीस?"

तिनं हातातला घास डब्यात ठेवला. "आज... आज हात अवघडला होता, म्हणून."

"बरं बरं," म्हणत मास्तर गेले.

सोनं उजवीकडे! म्हणजे बाटल्या बदलल्या. पण कधी? तिनं रंगवल्यावर, की रंगवण्याआधी? रंगवल्यावर बदलल्या असतील तर सगळं ठीक. आधी बदलल्या असतील तर बोरू मोरपंखी आणि चतुर सोन्याचे. जोडी तर सोडाच, सासऱ्यांची शेवटची काच कामातून गेली. एकदा भाजलेलं सोनं ॲसिडनं काढलं तरी त्याचा डाग काचेत राहतोच. आणि बाकाला हात कोण लावतं? वन्सं! वन्संना विचारलं की झालं. पण काय विचारणार? "माझ्या बाटल्या तुम्ही कधी हलवल्यात?" त्यावर वन्सं म्हणणार, "वास घेतला नाहीस का?"

ती उठून भट्टीकडे गेली. काटा एकशे सत्तरवर होता.

"काका, भट्टी थांबवता येते का हो?"

"दोनशेच्या आत असेल तर येते. रंग पुसूनही टाकता येतो. दोनशे गेले की मग देव आला तरी उद्या दुपारपर्यंत दार उघडायचं नाही, नाहीतर आतली काच टरकन् तडकते." काकांनी तिच्याकडे पाहिलं. "का? काही राहिलंय?"

दहा मिनिटं होती. वन्सं दहा पावलांवर पेले धूत होत्या. मास्तर खिडकीशी होते. नुसतं तोंड उघडायचं होतं. नाकूच्या डोळ्यांपुढे खोकी आली, पेंढा आला, तपकीरवाल्या काकांची वाकलेली पाठ आली.

"नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं."

आणि तिथेच उभी राहून काटा दोनशेवर जाताना बघत राहिली. स्वतःची इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. तीस वर्षं संसार केलेल्या पुरुषाला 'काही नाही'चा अर्थ कळतो. तो बिचारा ताट घेऊन आपणहून उठला. रात्रभर तिनं कूस बदलली. पहाटे पहाटे तिनं ठरवलं. फुलदाणी बिघडली असेल तर ती वन्संनी भट्टीच्या दारात उभं राहून बघू नये. आधी आपल्या तोंडून कळावं. मग बाक जाईना का.

सकाळी वन्सं नेहमीसारख्या लवकर निघाल्या, तर नाकू चपला घालून त्यांच्या आधी दारात. वन्संनी भुवई वर केली. गल्लीच्या वळणापर्यंत दोघी चालत गेल्या. मग नाकू थांबली आणि भडाभडा सगळं बोलून मोकळी झाली. ताप, वास, डावं-उजवं, मास्तर, भट्टीचा काटा, ती दहा मिनिटं. शेवटी म्हणाली, "वन्सं, बाबांची फुलदाणी मी बाकापायी पणाला लावली. मला काय बोलायचं ते बोला."

वन्संनी पदरानं नाक पुसलं. "झालं बोलून?"

"झालं."

"दोन वर्षं लागली होय तुला! अगं, ताप उतरला त्याच आठवड्यात दूध करपलं. तू शेगडीपाशी बसून भाजी निवडत होतीस. घर धुरानं भरलं तेव्हा मान वर केलीस. तेव्हाच मला कळलं. आणि कारखान्यात बाटलीचा वास घ्यायचं नाटक करतेस ना? एकदा झाकण न काढताच 'हं' म्हणालीस."

नाकूनं तोंडावर हात ठेवला.

"मी रोज सकाळी बाक पुसते तो काय हौस म्हणून? दोन्ही बाटल्यांचा वास घेते आणि लावते. डावीकडे सोनं, उजवीकडे मोरपंखी. संध्याकाळी पोरीबाळी, मास्तर, कोण कोण त्या बाटल्या नेतं आणि कशाही आणून ठेवतं. तुला वाटलं, त्या आपोआप जागच्या जागी राहतात?"

दोन वर्षं! ज्या युक्तीवर ती मनातल्या मनात खूश होती, ती युक्ती रोज सकाळी दुसरंच कुणीतरी मांडून ठेवत होतं. आणि त्या माणसाला ती आठवड्यातून तीनदा सांगत होती, माझ्या बाकाला हात लावू नका.

"म्हणजे काल..."

"काल सकाळी मीच लावल्या. तू काच घेऊन भट्टीकडे गेलीस, मी बाक पुसला, तेव्हा बाटल्या हलल्या असतील. काम झाल्यावर मी बघत नाही कुठली कुठे ते. त्या दहा मिनिटांत नुसतं 'वन्सं' म्हणाली असतीस ना, तर तिथल्या तिथे सांगितलं असतं, बये!"

नाकू रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसलीच. हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. मग काहीतरी आठवून तिनं वर पाहिलं.

"वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही बाबांची शेवटची काच माझ्या हातात दिलीत?"

"मग कुणाच्या हातात देऊ?" वन्सं वैतागल्या. "वास कुणीही घेईल. ते बोरू दुसरं कोण काढणारे?" आणि त्यांना जोरात शिंक आली. पाठोपाठ दुसरी.

नाकूनं त्यांच्याकडे पाहिलं. वन्संनी नाकूकडे पाहिलं.

"वन्सं," नाकू अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला सर्दी कधीपासून आहे?"

वन्संनी पदर नाकाशी नेला. परवापासून. परवापासून त्यांचं नाक वाहत होतं, हे दोघींनाही माहीत होतं. परवाच त्यांनी 'तुझ्या भाजीला चवच नाही' म्हणून भांडण काढलं होतं.

"सोनं कळतं मला," वन्सं म्हणाल्या. पण नेहमीचा ठसका नव्हता. "सर्दी असली तरी कळतं. कळलं होतं. कळलं असणार." आणि त्या इतक्या झपाझप चालायला लागल्या, की नाकूला मागे धावावं लागलं.

दुपारपर्यंतचा वेळ कसा गेला ते विचारू नका. वन्संनी एकच पेला चार वेळा धुतला. नाकूनं कुंचल्याला हात लावला नाही. दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि नजर फिरवायच्या. खोलीतल्या बाकीच्यांना वाटलं, मोठं भांडण झालंय.

एक वाजता काकांनी काटा पाहिला, दाराला पालथा हात लावला, आणि कडी काढली. आत अंधार. काकांनी जाड मोजे घालून फुलदाणी काढली, उजेडात आणली आणि फडक्यावर ठेवली.

हिरव्या धुरकट काचेवर सोन्याचे बोरू उभे होते. पिवळे धमक, अगदी टोकापर्यंत. आणि त्यांच्यावर चतुर, पंख निळे-हिरवे-जांभळे.

"अगं बाई!" वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी नाकूचा दंड धरला. इतका घट्ट धरला, की पुढे दोन दिवस बोटं उमटून राहिली होती. नाकूनं नुसती मान हलवली, परत परत हलवली, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तीस वर्षांत पहिल्यांदा या दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या, तेही भट्टीच्या तोंडाशी, अख्ख्या कारखान्यादेखत.

मास्तर आले. त्यांनी फुलदाणी फिरवून फिरवून पाहिली. "झकास! यात रडण्यासारखं काय आहे?"

नाकूनं डोळे पुसले. आता लपवायचं तरी कुणासाठी? "मास्तर, मला दोन वर्षं वास येत नाही."

भट्टीवाल्या काकांनी मोजे काढता काढता हात थांबवले. नाकूनं सगळं सांगितलं, वन्संचंही सांगितलं. वन्सं मध्येच म्हणाल्या, "माझं कशाला मधे!" पण तिनं सांगितलंच. सांगून झाल्यावर ती खोक्यांच्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "दोन वर्षांत एक तरी काम बिघडलं?"

"नाही."

"कुंचला बुडवण्याआधी रोज वास घेतला गेला?"

नाकूनं वन्संकडे पाहिलं. "घेतला गेला."

"मग नियम मोडला कुठे? नाक आहे म्हणायचं. ते कुणाच्या का चेहऱ्यावर असेना." मग ते वन्संकडे वळले. "पण काय गं, तुला तर सर्दी झालीये. परवा तूच माझ्या देखत स्पिरिट समजून पाण्यात फडकं बुडवलंस."

वन्संचा चेहरा पाहण्यासारखा झाला. खोलीत कुणीतरी खिदळलं, मग सगळेच हसले, आणि सगळ्यांत जास्त नाकू हसली. पोट धरून, खाली बसून. दोन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा असा उतरला, की तिला उठायला काकांचा हात लागला.

मास्तर आपल्या कपाटाकडे गेले. बराच वेळ खुडबुड केली. औषधाची एक जुनी चौकोनी बाटली घेऊन आले, स्वच्छ धुतलेली. "आजपासून सोनं चौकोनीत. बाटली चौकोनी आहे ते आंधळ्यालाही हाताला कळतं." एवढं बोलून ते जरा ओशाळले. "हे मला तीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं," असं पुटपुटले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. तपकीरवाल्या काकांची आठवण त्यांनाही आली असणार.

संग्रहवाल्या बाई दोन दिवसांनी पहिली फुलदाणी घेऊनच आल्या. दोन्ही शेजारी ठेवल्या, मागे सरल्या, पुढे आल्या. "यातली नवी कुठली?" त्यांनी विचारलं. वन्संनी चटकन दाखवली. बाईंना कशावरून ते कळेना. वन्सं म्हणाल्या, "ही माझ्या कपाटात होती." आणि पदर खोचून धुलाईकडे निघून गेल्या. जाताना पातळाची घडी मात्र सोबत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकू बाकावर आली तेव्हा वन्सं पुसत होत्या. चौकोनी बाटली डावीकडे, गोल उजवीकडे. आता वास घ्यायची काहीच गरज नव्हती. मुलांच्या खेळण्याइतकं सोपं होतं.

नाकू बसली. तिनं चौकोनी बाटलीचं झाकण काढलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "वन्सं, जरा इकडे या. वास घ्या."

वन्सं फडकं खांद्यावर टाकून आल्या. वाकून वास घेतला. नाकानं सर्रकन् आवाज केला.

"सोनं," त्या म्हणाल्या. "आणि हात धुतलेस का?"

"धुतले," नाकू म्हणाली आणि कुंचला उचलला.